‘ब्लो बाय ब्लो’ की ‘वायर्ड’: जेफ बेकचा कोणता अल्बम आधी घ्यावा?

इंग्लिश गिटारवादक जेफ बेक याने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गायकाला पूर्ण रजा देऊन दोन अल्बम केले: १९७५ चा ‘ब्लो बाय ब्लो’ आणि १९७६ चा ‘वायर्ड’. दोन्हींचे निर्मितीसूत्र बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्याकडे होते आणि दोन्हींत रॉकच्या अंगाला जॅझ आणि फंक (ठेक्यावर भर देणारे संगीत) यांची जोड आहे. त्यामुळे ते एकाच छापाचे असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात दोहोंत गिटारचे स्थानच वेगळे आहे, आणि निवड करायची ती त्यावरूनच करावी.

‘ब्लो बाय ब्लो’मध्ये गिटार ही गायिका आहे. मॅक्स मिडलटनचा कीबोर्ड, फिल चेनचा बास आणि रिचर्ड बेलीचे ड्रम तिच्यासाठी जागा करून देतात. तिच्याशी चढाओढ कोणी करत नाही. याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे ‘कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स’. स्टीव्ही वंडरची ही रचना सिरीटा या गायिकेने १९७४ मध्ये शब्दांसह गायिली होती; बेकने शब्द काढून टाकले आणि रॉय ब्युकॅनन या गिटारवादकाला ती अर्पण केली. सुरुवातीचे स्वर तो आवाजाची कळ फिरवत असे उमलवतो की तारेवर झालेला आघात ऐकूच येत नाही, स्वर जणू आपोआप फुगत येतो. पुढे तो स्वर ओढतो, मध्येच सोडतो, पुन्हा त्याच स्वरावर निराळ्या वजनाने येतो. सतार किंवा व्हायोलिनवरची मींड ऐकून ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना येथे ओळख करून द्यावी लागत नाही.

या अल्बमात विसाव्याला जागा आहे, हा त्याचा दुसरा गुण. ‘स्कॅटरब्रेन’ नऊ मात्रांच्या ठेक्यावर धावते आणि ‘डायमंड डस्ट’ पाच मात्रांवर संथ चालते. दोन्हींत मार्टिन यांनी तंतुवाद्यवृंद वापरला आहे. ‘स्कॅटरब्रेन’मध्ये तो वेगाला धार देतो, ‘डायमंड डस्ट’मध्ये मात्र, माझ्या मते, जरा जास्तच साखर पडली आहे. बीटल्सचे ‘शीज अ वुमन’ येथे रेगेच्या चालीत येते आणि टॉक बॉक्समुळे, म्हणजे गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात नेणाऱ्या उपकरणामुळे, गिटार बोलल्यासारखी वाटते. मूळ १९६४ चे ध्वनिमुद्रणही मार्टिन यांनीच केले होते, हा गमतीचा योग.

‘वायर्ड’मध्ये ही ऐसपैस जागा राहत नाही. महाविष्णु ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक वाद्यगटाच्या पहिल्या संचातील यान हामर येथे सिंथेसायझरवर आहे आणि दुसऱ्या संचातील नारद मायकल वॉल्डन ड्रमवर. आठपैकी चार रचना वॉल्डनच्या असल्याने ताल हाच अल्बमाचा कणा झाला आहे. पहिल्याच ‘लेड बूट्स’मध्ये ड्रम असे कोसळतात की गिटारला त्यांच्यामागून वाट काढावी लागते. ‘ब्लू विंड’ ही हामरची रचना. गिटार वगळता त्यातील सर्व वाद्ये त्यानेच वाजवली आहेत. तो सिंथेसायझरवरचे स्वर गिटारच्या तारेप्रमाणे वाकवतो, त्यामुळे सवालजवाब रंगात आला की कोणता सवाल कोणाचा हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही. हे ज्याला आवडेल त्याला फार आवडेल. ज्याला फक्त बेक ऐकायचा आहे, त्याची मात्र चिडचिड होईल.

‘वायर्ड’मधील सर्वांत संयत वादन जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसच्या ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’मध्ये आहे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या स्मरणार्थ मिंगसने १९५९ मध्ये केलेली ही रचना बेक किंचित खरखरीत स्वरात वाजवतो, आणि ‘कॉज वी हॅव...’च्या शेजारी ठेवावी अशी या अल्बमातील हीच एक जागा आहे. शेवटची ‘लव्ह इज ग्रीन’ छोटी आणि सुंदर आहे. बाकीच्या काही फंक रचना मला ठेक्यापलीकडे फारशा जात नाहीत असे वाटते.

म्हणून शब्दांविना रॉक प्रथमच ऐकणाऱ्याने ‘ब्लो बाय ब्लो’ आधी घ्यावा. गिटार शिकणाऱ्यानेही तोच घ्यावा, कारण त्यात बेकचा हात स्पष्ट ऐकू येतो आणि एकेक स्वर उचलून तपासता येतो. ड्रम किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याने, अथवा महाविष्णु ऑर्केस्ट्रा आधीच आवडत असलेल्याने, थेट ‘वायर्ड’कडे जावे. तरीही मन ठरत नसेल, तर ‘ब्लो बाय ब्लो’मधील ‘फ्रीवे जॅम’ आणि ‘वायर्ड’मधील ‘ब्लू विंड’ लागोपाठ ऐकावीत; एकीत गिटार मोकळ्या रस्त्यावर एकटी हुंदडते, दुसरीत तिला तोडीस तोड जोडीदार आहे. हामरच्या संचाबरोबरचा १९७७ चा मैफलीतील अल्बम मात्र या दोन्हींनंतरच घ्यावा, कारण मूळ रचना कानात असल्याशिवाय त्यातील मोडतोडीची मजा कळत नाही.