गालिका: जुन्या फुटबॉलच्या नादिष्टांनी आधी ही साइट उघडा

फ्रान्सच्या नॅशनल लायब्ररीची गालिका म्हणून फ्री साइट आहे, १९९७ पासून चालू आहे, जुनी पुस्तकं, मासिकं, पेपर सगळं स्कॅन करून ठेवलंय. गेले दोन महिने रोज रात्री जेवण झालं की मी तिथंच असतो, आणि त्याला कारण एकच, रॉबर्ट डे वेन.

कोण हा? बेल्जियमचा, ब्रूज गावचा फॉरवर्ड. १९०६ ते १९१३ या काळात देशासाठी २३ मॅच आणि २६ गोल, म्हणजे मॅचपेक्षा गोल जास्त! १९११ ला बेल्जियमनं फ्रान्सला ७-१ असं धुतलं त्यातले पाच गोल या एकट्याचे. आणि पुढं हाच गडी त्याच फ्रान्समध्ये कोच झाला, १९३२-३३ ला तिथली पहिली प्रोफेशनल लीग झाली तर ती याच्याच टीमनं मारली, लील शहराच्या ऑलिम्पिक लिल्वा क्लबनं. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं पेठापेठांत फुटबॉल, तरी हे नाव कानावर कधी आलं नव्हतं, फार चुटपुट लागली.

आधी मी जुन्या पेपरांच्या एका पेड साइटवर गेलो होतो. वर्गणी भरली, नाव टाकलं तर त्याच आडनावाच्या भलत्याच लोकांच्या निधनाच्या बातम्या, आणि पान उघडायचं तर परत वेगळे पैसे. महिन्याभरात बंद केलं.

गालिकावर ना लॉगिन ना कार्ड नंबर. लोतो नावाचा स्पोर्ट्सचा डेली शोधायचा (पिवळ्या कागदावर निघायचा, टूर द फ्रान्स सायकल रेस १९०३ ला यांनीच सुरू केली), वर्ष निवडलं की कॅलेंडर येतं, तारखेवर क्लिक केलं की अख्खा अंक समोर. त्या पहिल्या लीगची फायनल १४ मे १९३३ ला, रविवारी झाली म्हणून मी सोमवारचा अंक उघडला. बारीक बारीक कॉलम, झूम करत करत वाचायचं, सर्च केलेला शब्द रंगून दिसतो. माझं फ्रेंच जेमतेम, त्यामुळं टेक्स्ट कॉपी करून ट्रान्सलेटरमध्ये टाकतो, पण जिथं शाई फुटलीय तिथं मूळ पान बघूनच घ्या, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की माणूसच बदलतो.

त्या सीझनची गोष्ट अशी की दहा-दहा क्लबांचे दोन ग्रुप, दोन्हीकडचे पहिले फायनलला. दुसऱ्या ग्रुपात आंतिब पहिलं आलं होतं पण मॅच फिक्सिंगच्या संशयावरून त्यांना काढलं आणि दुसऱ्या नंबरच्या कान नावाच्या क्लबला संधी मिळाली. पॅरिसजवळ कोलोंबच्या मैदानात लील ४-३ नं जिंकलं. हे दोन ओळींत कळतं हो, पण दुसऱ्या दिवशीचा पेपर वाचताना छातीत जे धडधडतं ते वेगळंच, निकाल माहीत असून मी श्वास रोखून वाचत होतो.

एक टिप देतो. त्या काळच्या रिपोर्टमध्ये मान खेळाडूंचा, कोचचं नाव शोधावं लागतं. डे आणि वेन जोडून, तोडून, दोन्ही प्रकारे टाकून बघा, नाहीच मिळालं तर क्लबचं नाव टाकून तारखेनं जा. सापडलेलं पान लगेच पीडीएफ करून ठेवा. आणि शक्यतो लॅपटॉपवरच वाचा, पेपरचं पान मोठं असतं.

रेटिंग पाचपैकी पाच, एक रुपया न घेता एवढं देणारं दुसरं कोण आहे सांगा. आता १९११ चं कॅलेंडर उघडून बसलोय, ३० एप्रिलच्या त्या पाच गोलांबद्दल हरलेल्या देशाच्या पेपरानं काय लिहिलंय ते बघायचंय.