पाटीवरचे बेचाळीस मीटर

मागील वर्षी जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी घराची डागडुजी काढली, तेव्हा अंगणातल्या विहिरीचे पाणी बादलीने शेंदण्याऐवजी नळाने घ्यावे असे ठरले. स्लॅबवर हजार लिटरची टाकी बसवून रोज एकदा भरून घ्यावी, असा माझा साधा विचार होता. तालुक्याच्या गावच्या एका पंपविक्रेत्याने तो दहा मिनिटांत मोडीत काढला. "गुरुजी, टाकीची कटकट कायले करता? शेवाळ धुवा, उन्हाळ्यात कढत पानी घ्या. डायरेक्ट प्रेशर पंप बसवा, नळ खोलला का पानी हजर," असे त्याचे म्हणणे होते.

विहीर चाळीस फूट खोल असून वैशाखात पाणी पार तळाला जाते, तेव्हा हा पंप ते ओढेल का, असे मी त्याला विचारले. त्याने पंपाच्या पाटीवरील 'हेड ४२ मीटर' या आकड्यावर बोट ठेवले. बेचाळीस मीटर म्हणजे एकशे अडतीस फूट, तुमची विहीर तर चाळीसच! ज्याची हयात पोरांकडून मीटरचे फूट करून घेण्यात गेली, त्या मला हा हिशेब बिनचूक वाटला आणि मी २१,५०० रुपये मोजले. हिशेब बिनचूकच होता. आकडा मात्र भलत्याच गोष्टीचा होता.

पाटीवरचे हेड म्हणजे पंपाची एकूण ताकद, आणि तिचा मोठा भाग पाणी पुढे ढकलण्याचा असतो. ओढण्याची मर्यादा वेगळी आहे. जमिनीवर ठेवलेला पंप खरे तर पाणी ओढतच नाही. तो सक्शन पाईपमधील, म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाईपमधील, हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर चढवतो. हा दाब समुद्रसपाटीलाही पाण्याला जेमतेम १०.३ मीटर उचलू शकतो, आणि पाईपमधील घर्षण, वाकणे व फूट व्हॉल्व्ह (पाईपच्या तळाची झडप) यांचा विचार केला, तर प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांवर काम संपते. मग मोटार एक एचपीची असो की पाच एचपीची. विहिरीत जेट (पाण्याच्या झोताने खालचे पाणी वर ढकलणारा भाग) सोडलेला किंवा पाण्यातच बुडवलेला पाणबुडी पंप असेल, तर गोष्ट वेगळी. पण मला दिलेला पंप तसला नव्हता. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

जानेवारीत पाणी चौदा फुटांवर होते, त्यामुळे सारे सुरळीत चालले आणि घरात माझे कौतुकही झाले. पंपाला जोडलेल्या लाल डब्याला विक्रेत्याने "चोवीस लिटरचा साठा" म्हटले होते. डब्यातील फुग्याच्या दाबामुळे मोटार पुन्हा सुरू होण्यापूर्वी त्यातून सात-आठ लिटरच पाणी मिळते, म्हणजे अर्धी बादली. साहजिकच भांडी घासताना मोटार सारखी चालू-बंद होई. एप्रिलच्या मध्यावर पाणी अठ्ठावीस फुटांवर गेले आणि नळातून पाण्याऐवजी हवेच्या पिचकाऱ्या येऊ लागल्या. एका रात्री मोरीतला नळ उघडा राहिला, पंप कोरडा फिरत राहिला आणि पहाटे मोटार जळाली.

वायंडिंगवाल्याने मोटार उघडून एका तारेवरचे वार्निश ब्लेडने खरवडले. वरून तांबूस दिसणारी तार आतून पांढरीफेक निघाली. ॲल्युमिनियमची वायंडिंग हा काही गुन्हा नाही, परंतु तांबे सांगून आणि तांब्याचे पैसे घेऊन ती दिली होती. पाटीवर आयएसआयची खूण होती, पण तिच्यासोबत असायला हवा तो सीएमएल परवाना क्रमांक नव्हता. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो, हे मला मोटार जळाल्यावर कळले.

मे महिन्यात वादळाने दोन दिवस लाइन नव्हती. विहिरीत पाणी असून नळ कोरडे, आणि साठा म्हणाल तर तो लाल डबा. आम्ही पुन्हा दोरी-बादली काढली.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: "तुमच्या विहिरीतच पानी नाही, त्याले मी काय करू?" माझ्या हाती 'पंप सेट' एवढेच लिहिलेली कच्ची चिठ्ठी होती. मॉडेल, सिरियल नंबर व जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मी अठरा टक्के वाचवण्याच्या मोहाने मागितलेच नव्हते, आणि ही चूक निव्वळ माझी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा फोनवरून दिलेल्या १२,००० रुपयांची नोंद तेवढी कामी आली. तक्रारीचा नोंदणी क्रमांक दाखवल्यावर विक्रेत्याने चार हजार परत केले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तो अर्ज आता लिहून तयार आहे.

दरम्यान विहिरीत अर्ध्या एचपीचा पाणबुडी पंप सोडला आणि स्लॅबवर टाकी चढवली. टाकीचे पाणी दुपारी तापते, शॉवरला जोर नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. जोर हवाच असेल तर टाकीच्या पुढे छोटा प्रेशर पंप लावता येतो; तिथे त्याला ओढायचे काहीच नसते.

परवा शेजारचे भाऊ त्याच दुकानात जाऊन आले. त्यांनाही पाटीवरचे बेचाळीस मीटरच दाखवले गेले, आणि त्यांची विहीर आमच्याहून दहा फूट खोल आहे.