छोट्या डीसी मोटरचं फ्रिक्शन शोधायला काय घ्यावं: मल्टिमीटर, एसीएस ७१२ की आयएनए २१९?

उद्यमनगरात पार्ट घ्यायला येणारी प्रोजेक्टवाली पोरं कायम विचारतात, मोटर जड फिरतीय, करंट कशानं बघू? (घासाघीस वाढली की मोटर जास्त करंट खाते, म्हणून करंट बघायचा.) एसीएस ७१२ आणि आयएनए २१९ हे दोन्ही करंट मोजायचे सेन्सर. फ्रिक्शनच शोधायचं असेल तर एसीएस ७१२ घेऊ नका, स्वस्त असला तरी.

कारण बघा, १२ व्होल्टची छोटी मोटर मोकळी फिरताना साधारण ५०-१०० मिलीॲम्प खाते, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बारकी नळी) कोरडा पडला की त्यात २०-३० मिलीॲम्पचीच भर पडते, आणि ५ ॲम्पवाला एसीएस एका ॲम्पला १८५ मिलीव्होल्ट देतो, तो वाचणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डाची सगळ्यात लहान पायरी ४.९ मिलीव्होल्टची, म्हणजे साधारण २६ मिलीॲम्प. सगळा फरक एका पायरीत गडप, वर नॉईज वेगळाच. मोठ्या मोटरला तो चांगलाय, मोटरचं सर्किट आर्डुइनोपासून वेगळं राहतं.

आयएनए २१९ मिलीॲम्पपर्यंत नीट दाखवतो, व्होल्टेजपण सोबत कळतं. फक्त मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा बारका रेझिस्टर) असतो, त्यामुळं ३.२ ॲम्पच्या वर जाता येत नाही. मोटर जाम झाली तर करंट म्हणजे व्होल्टेज भागिले वाइंडिंगचा रेझिस्टन्स, १२ व्होल्टला ३ ओहम असेल तर ४ ॲम्प, तेव्हा आधी वाइंडिंगचे ओहम मोजा मगच जोडा.

एकदाच बघायचं असेल तर मल्टिमीटर बास. १० ॲम्पची रेंज १० मिलीॲम्पच्या टप्प्यानं दाखवते, २०० मिलीॲम्पवर सुरू होतानाच्या झटक्यात फ्यूज उडतो, म्हणून मीटर मोटरच्या सिरीजमध्ये ठेवून त्याचे दोन्ही प्रोब वायरनं शॉर्ट करून मोटर चालू करा आणि स्पीड धरला की वायर काढा, लई कामाची युक्ती आहे ही. ३ व्होल्टच्या मोटरला मात्र मीटरमध्येच व्होल्टेज पडतं, ते धरा. साधा क्लॅम्प मीटर एसीच मोजतो, तो सोडा.

काहीही घ्या, मोजताना पीडब्ल्यूएम (सप्लाय भराभर चालू-बंद करून स्पीड कमी करणं) नको, सरळ सप्लाय द्या. आधी मोटर एकटी, मग गिअरबॉक्स लावून. ६ आणि १२ व्होल्टला करंट जवळपास सारखाच आला तर बुश नाहीतर ब्रशची कोरडी घासाघीस, स्पीडबरोबर वाढत गेला तर ग्रीस घट्ट. करंट एका फेरीत एकदा उडत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंग तिरकं बसलंय. आणि शाफ्ट हातानं लोण्यासारखा फिरतोय तरी एकट्या मोटरचा करंट जास्त, तर तेल घालत बसू नका, कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) फटीत कार्बन साचलाय का ते बघा, नाहीतर वाइंडिंग शॉर्ट आहे.