अस्लान, अंगठी की हॅरी : ख्रिस्ती प्रतीके शोधत वाचायचे तर सुरुवात कुठून?

नार्नियातला सिंह अस्लान म्हणजे येशू, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला जादूगार गॅन्डाल्फ मरून परत येतो म्हणजे पुनरुत्थान, आणि हॅरी पॉटरही शेवटी तेच करतो. फँटसी वाचणाऱ्यांच्या कानावर एवढे आलेलेच असते. त्यामुळे या अंगाने पहिल्यांदाच वाचू पाहणाऱ्याला वाटते की तिन्हीकडे एकच गोष्ट आहे, कुठूनही सुरुवात केली तरी काय बिघडते? माझ्या मते बरेच बिघडते. सी. एस. लुईस, जे. आर. आर. टॉल्किन आणि जे. के. रोलिंग या तिघा लेखकांनी ख्रिस्ती श्रद्धेतले वेगवेगळे प्रश्न उचलले आहेत आणि प्रतीके किती खोल पुरायची याचा तिघांचा हिशेबही वेगळा आहे. चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात केली तर काहींना "हा तर उघड प्रचार" असे वाटते, काहींना "यात ख्रिस्ती असे काही दिसतच नाही" असे वाटते, आणि पुस्तक बाजूला पडते.

आधी नार्निया. सी. एस. लुईस यांची ही सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात, दर वर्षी एक अशी आली. पहिले 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. कपाटातून नार्निया या जादूच्या जगात पोचलेल्या चार भावंडांपैकी एडमंड टर्किश डिलाइट या मिठाईच्या मोहात पडून तिथल्या दुष्ट चेटकिणीला फितूर होतो. नार्नियाच्या प्राचीन कायद्याप्रमाणे प्रत्येक फितुराच्या रक्तावर चेटकिणीचा हक्क असतो. तो कायदा मोडायला अस्लान तयार नाही. तो चेटकिणीशी एकांतात बोलतो, आणि एडमंडच्या जागी स्वतः मरायचे कबूल करतो.

पुढची रात्र सावकाश वाचावी. अस्लान एकटाच अंधारातून चालला आहे. एडमंडच्या बहिणी ल्यूसी आणि सुझन मागोमाग जातात, तेव्हा तो त्यांना आयाळीवर हात ठेवून चालायला सांगतो, कारण तो उदास आहे आणि त्याला सोबत हवी आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना "माझ्याबरोबर जागे राहा" म्हणतो, तेच हे दुःख. मग दगडी चौथऱ्यावर त्याला बांधतात, आयाळ कापतात, तोंडाला मुसकी घालतात, थट्टा करतात. पंजाच्या एका फटक्यात सगळ्यांना लोळवू शकेल असा सिंह काहीच करत नाही. पहाटे त्याच दोन मुलींना मोठा आवाज ऐकू येतो, चौथरा दुभंगलेला असतो आणि अस्लान जिवंत उभा असतो. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, क्रूसाजवळ शेवटपर्यंत थांबणाऱ्या आणि पहाटे रिकामी कबर पाहणाऱ्या स्त्रियाच आहेत. येशू प्राण सोडतो तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. लुईस यांनी यातले फारसे काही सोडलेले नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त भावते ती या रात्रीच्या दोन्ही बाजूंची दोन छोटी वाक्ये. एडमंड सुटून येतो तेव्हा अस्लान भावंडांना एवढेच सांगतो की हा तुमचा भाऊ, झाले गेले त्याच्याशी बोलायची गरज नाही. आणि लढाईनंतर ल्यूसी हळूच विचारते, अस्लानने त्याच्यासाठी काय केले हे एडमंडला माहीत आहे का? सुझन तिला गप्प करते, नाही, अर्थातच नाही. क्षमा मिळाली आहे, पण तिची किंमत कोणी मोजली हे ज्याला मिळाली त्यालाच ठाऊक नाही. ख्रिस्ती शिकवणीतली कृपा म्हणजे काय हे इतक्या थोड्या शब्दांत फार कमी ठिकाणी सापडते.

मराठी वाचक अस्लानकडे पाहून सहज अवतार म्हणतो, सिंह असल्यामुळे नरसिंहही आठवतो. सुरुवातीला ही आठवण उपयोगी पडते, पुढे ती अपुरी पडते. नरसिंह हिरण्यकशिपूला फाडतो आणि प्रल्हादाला वाचवतो. अस्लान अपराध्याला वाचवतो, तेही स्वतःचा जीव देऊन. हा फरक ध्यानात ठेवून वाचले तर ही गोष्ट नेमके काय म्हणते ते कळते.

लुईस स्वतः याला रूपककथा म्हणत नसत. त्यांचे म्हणणे होते की ही एक कल्पना आहे : नार्नियासारखे जग खरेच असते आणि देवाचा पुत्र तिथे गेला असता तर कोणत्या रूपात गेला असता? ख्रिस्ताची कथा दुसऱ्या मातीत रुजवून सांगण्याचा हा खटाटोप आपल्याकडे बराच आधी झालेला आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती मराठी ओवीत सांगितली आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना लुईस परके वाटणार नाहीत.

नार्नियाची एक बाजू सांगायलाच हवी. 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि 'द लास्ट बॅटल' यांतले शेजारच्या देशातले कालोरमेन लोक फेटे बांधतात, वाकड्या तलवारी बाळगतात, वर्णाने सावळे आहेत आणि बहुतेक सारे क्रूर किंवा लबाड आहेत. पूर्वेकडच्या माणसांचे हे चित्र बोचते आणि बोचायलाच हवे. त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा कालोरमेन शिपाई आहे, जो आयुष्यभर टाश देवाची मनापासून सेवा करतो, आणि अस्लान ती सेवा आपलीच मानून त्याला जवळ करतो. एका प्रसंगाने बाकीचे चित्रण धुऊन निघत नाही. तरी मुलांना हे पुस्तक देणार असाल तर दोन्ही गोष्टींवर त्यांच्याशी बोला.

आता टॉल्किन. लुईस आणि टॉल्किन ऑक्सफर्डमधले मित्र. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मॉडलिन कॉलेजच्या अ‍ॅडिसन्स वॉक या पायवाटेवर टॉल्किन, ह्यूगो डायसन आणि लुईस मिथकांवर बोलत फिरत होते. ख्रिस्ताची कथा हे खरे घडलेले मिथक आहे, हा विचार लुईस यांना त्या रात्री पटू लागला आणि थोड्याच दिवसांत ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. म्हणजे नार्नियाच्या मुळाशी टॉल्किनही आहेत. तरी त्यांना नार्निया आवडले नाही. रूपककथेचा आपल्याला मनापासून तिटकारा आहे असे त्यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे.

म्हणूनच या १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेल्या ग्रंथात येशू शोधायला गेलात तर एका पात्रात तो सापडत नाही. देऊळ नाही, पुरोहित नाही, प्रार्थनाही जवळपास नाही. फारामीर या सरदाराची माणसे जेवणाआधी उभे राहून क्षणभर पश्चिमेकडे पाहतात, तेवढाच काय तो धार्मिक विधी. १९५३ मध्ये जेझुइट फादर रॉबर्ट मरे यांना लिहिलेल्या पत्रात टॉल्किन म्हणतात की हे पुस्तक मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, आणि म्हणूनच धर्मासारखे दिसणारे सारे त्यातून गाळले, कारण तो अंश कथेत आणि प्रतीकांतच मुरला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी : फ्रोडो नावाचा बुटका हॉबिट सोबत्यांसह एक दुष्ट सत्तेची अंगठी माउंट डूम या ज्वालामुखीत नष्ट करायला निघतो. मुरलेला तो धार्मिक अंश कसा दिसतो? तारखा पाहा. अंगठीची मंडळी रिव्हेंडेलमधून निघतात २५ डिसेंबरला, अंगठी नष्ट होते २५ मार्चला. पहिली तारीख नाताळची. दुसरी गॅब्रिएल देवदूताने मरियेला ती येशूची आई होणार असा निरोप दिल्याच्या सणाची, आणि जुन्या समजुतीप्रमाणे येशूला क्रूसावर दिल्याचीही. एल्फ लोकांची लेम्बास ही प्रवासातली भाकरी घ्या. बाकी सारे अन्न संपते आणि फक्त तिच्यावर निभावावे लागते तेव्हा ती मनाला जास्त बळ देते, आणि अंगठीच्या हव्यासाने पोखरलेल्या गॉलमच्या घशाखाली ती उतरत नाही. कॅथलिक वाचकाला इथे मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर आठवतेच. एल्फ लोकांची स्वामिनी गालाड्रिएल हिच्यात पवित्र मरियेची छाया असल्याचे टॉल्किन यांनी स्वतः मान्य केले होते. येशूची तीन कामेही वाटली गेली आहेत : ओझे वाहून नेणारा फ्रोडो, मरून परत येणारा मार्गदर्शक गॅन्डाल्फ, आणि ज्याच्या हातांच्या स्पर्शाने जखमी बरे होतात असा राजा अ‍ॅरागॉर्न.

पण हे सारे नसते तरी माउंट डूमवरच्या एका प्रसंगासाठी मी या पुस्तकाला सगळ्यात वर ठेवले असते. इतके सोसून फ्रोडो कड्यापाशी पोचतो आणि तिथे हरतो. अंगठी माझी आहे, असे म्हणून ती बोटात घालतो. आपला नायक ऐन क्षणी मोहाला बळी पडतो! काम होते ते गॉलममुळे. तो फ्रोडोचे बोट चावून अंगठी हिसकावतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन खाली पडतो. आणि गॉलम तिथे असतो कशामुळे? फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने कधीकाळी त्याला मारता येत असताना दया केली म्हणून, पुढे फ्रोडोने केली म्हणून, आणि अगदी शेवटी डोंगरावर फ्रोडोचा सोबती सॅम यानेसुद्धा केली म्हणून. 'बिल्बोने त्याला तेव्हाच मारायला हवे होते' असे फ्रोडो पहिल्याच खंडात म्हणतो, तेव्हा गॅन्डाल्फ त्याला थांबवतो. त्या संभाषणाचे फळ शेकडो पानांनी मिळते. "आम्हाला मोहात पडू देऊ नकोस" ही ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या प्रार्थनेतली ओळ इतक्या गांभीर्याने घेणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही. माणूस स्वतःच्या बळावर शेवटपर्यंत टिकत नाही, पण त्याने दुसऱ्यावर केलेली दया त्याला तारते, हे लुईस यांच्या सिंहापेक्षाही मला खोल वाटते.

अडचण एकच, संयम लागतो. पहिल्या शंभर पानांत काहीच ख्रिस्ती दिसणार नाही. इंग्रजी जड वाटत असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे.

हॅरी पॉटरची गोष्ट वेगळी. १९९७ ते २००७ या दशकभरात ही मालिका येत असताना अमेरिकेत अनेक ख्रिस्ती पालकांनी जादूटोण्याचे कारण देऊन ती शाळा-ग्रंथालयांतून काढायची मागणी केली. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सदस्य असलेल्या जे. के. रोलिंग त्या काळात आपल्या श्रद्धेविषयी मोजकेच बोलत. सातव्या पुस्तकात पत्ते उघडे झाले. नाताळच्या आदल्या रात्री हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी गॉड्रिक्स हॉलो या गावाच्या दफनभूमीत येतात, शेजारच्या चर्चमध्ये नाताळची गाणी चालू आहेत. हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या आई-बहिणीच्या थडग्यावर मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन कोरले आहे : जिथे तुमचे धन आहे तिथे तुमचे मनही असेल. हॅरीच्या आई-वडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस पहिल्या पत्रातले : शेवटचा शत्रू जो नष्ट होईल तो मृत्यू. ही दोन वचने जवळपास साऱ्या मालिकेचे सार सांगतात, असे रोलिंग नंतर म्हणाल्या.

त्यापुढे हॅरी स्वतःहून, हत्यार न उचलता, जंगलात मरायला जातो आणि परत येतो. त्याच्या मरणाच्या तयारीमुळे बाकीच्यांवर खलनायक व्होल्डेमॉर्टचे मंत्र टिकेनासे होतात. इथे येशूचा ठसा स्पष्ट आहे. फरकही स्पष्ट आहे : हॅरी देव नाही, तो घाबरलेला सतरा वर्षांचा मुलगा आहे, आणि मेलेल्या आई-वडिलांना बरोबर घेऊन चालतो. रोलिंग यांचा खरा विषय मृत्यूची भीती हा आहे. व्होल्डेमॉर्ट मरण टाळण्यासाठी आत्म्याचे तुकडे करतो, हॅरी मरण स्वीकारतो. पापक्षमेचे तत्त्व इथे मागेच राहते, फक्त शेवटी हॅरी शत्रूलाही पश्चात्तापाची संधी देतो तिथे ते क्षणभर पुढे येते. केवळ प्रतीकांसाठी सात जाड पुस्तके वाचावीत असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ती लहानपणीच वाचली आहेत, मराठीत किंवा इंग्रजीत, त्यांनी फक्त सातवे पुन्हा काढावे.

आणखी दोन नावे येतात, त्यांविषयी थोडक्यात. मॅडलिन लेंगल यांचे 'अ रिंकल इन टाइम' १९६२ चे. त्यात अंधाराशी लढणाऱ्यांची नावे घेताना येशूबरोबर बुद्ध आणि गांधीही येतात, म्हणून काही कडव्या ख्रिस्ती वाचकांना ते खटकले. छोटे आणि मोकळ्या मनाचे पुस्तक आहे. फिलिप पुलमन यांची १९९५ ते २००० मधली 'हिज डार्क मटेरियल्स' ही त्रयी चर्चच्या सत्तेविरुद्ध उभी आहे आणि पुलमन यांनी नार्नियावर उघड टीका केली आहे. ती शेवटी वाचा. कशाला विरोध चालला आहे ते माहीत असेल तर त्या विरोधाची धार कळते.

तर कोणी काय घ्यावे? बायबल अजिबात न वाचलेल्या प्रौढ वाचकाने नार्नियाचे पहिले पुस्तक घ्यावे. दोन संध्याकाळींत होते आणि मूळ कथेचा सांगाडा हातात येतो. घरी वाचून दाखवायला आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठीही तेच. अकरा-बारा वर्षांच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलाला हॅरी द्यावा, आणि प्रतीके वगैरे काही सांगू नये, त्याला गोष्ट वाचू द्यावी. वसई किंवा गोव्यातल्या, मिस्सा आणि रोझरी घरात पाहिलेल्या वाचकाने सरळ टॉल्किनकडे जावे, कारण तिथे जे न बोलता ठेवले आहे ते त्याला आपोआप ओळखू येईल. आयुष्यात एकच वाचायचे असेल तर कोणाहीसाठी माझे उत्तर टॉल्किन.

नार्निया घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या सूचना. हल्लीच्या संचांत 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिल्या क्रमांकावर असते, कारण घटनाक्रमाने ते आधीचे आहे. ते मागे ठेवा आणि १९५० च्या पुस्तकापासूनच सुरू करा, कारण अस्लान कोण हे मुलांबरोबर आपल्यालाही हळूहळू कळावे अशीच ती कथा रचली आहे. आणि तिसऱ्या, 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'च्या शेवटच्या प्रकरणाआधी योहानच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचून घ्या. त्यात पुनरुत्थित येशू सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. लुईस यांच्या किनाऱ्यावर मासे भाजून मुलांना बोलावणारा एक शुभ्र कोकरू आहे, आणि बोलता बोलता तो सिंह होतो.