कोंबडीची जाळी (१ इंच, २२ गेज): वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठ दिवस आधी घेतली होती, आता परत आखाजी जवळ आलीय म्हणून लिहितोय. आमचा मळा चोपडा तालुक्यात, एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला नाला. गावरान १८ कोंबड्या आणि २ कोंबडे होते. जळगावहून ४ फूट रुंद ५० फूट लांब रोल आणला, ती षटकोनी भोकाची जीआय जाळी, म्हणजे जस्त चढवलेली. दुकानदार म्हणला २२ गेज एकदम मजबूत, मी पण २२ म्हणजे जाड समजलो. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते भो, २२ म्हणजे पाऊण मिलिमीटर पण नाही. शेजारचे आबा हात लावून तेव्हाच म्हणले होते, "भाऊ, हाई जाळी कुत्रासमोर टिकाव नही".

उन्हाळ्यात मात्र जाळी लई कामाची. आपल्याकडे मे मध्ये ४५ च्या वर जातं, बंद खुराड्यात कोंबड्या धापा टाकतात, इथं चारी बाजूनी हवा खेळते. हलकी आहे, कशीही वाकते, मी आणि बायकोनं बाइंडिंग तारेनं एका दिवसात बांधली. कापताना हातमोजे घाला. आणि कापलेले बारीक तुकडे खाली सोडू नका, चमकतं म्हणून कोंबडी टिपते आणि जस्त पोटात गेलं की मरते. मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून सगळीकडे फिरवलं, मूठभर तुकडे निघाले.

श्रावणात एका रात्री पाऊस जोरात होता, पत्र्यावर इतका आवाज की काही ऐकूच आलं नाही. सकाळी बघतो तर ७ कोंबड्या मेलेल्या, त्यात अंड्यावर बसलेली खुडूक पण गेली, अंडी तशीच गार पडलेली. चिखलात कुत्र्यांचे पंजे. खालच्या कोपऱ्यात भोक पाहिलं तर तारा फार तुटल्याच नव्हत्या, दोन-तीनच तुटलेल्या, बाकीचे पीळ नुसते उलगडले होते. या जाळीत तारा एकमेकींना पिळलेल्या असतात, वेल्डिंग नसतं, म्हणून एक तुटली की शेजारची सैल होते आणि कुत्र्यानं डोकं घालून रेटलं की संपलं. त्या खुडूकचं मला अजून वाईट वाटतं. पंधरा दिवसांनी मुंगसानं खालून उकरून अजून एक नेली.

मग खालचे अडीच फूट अर्धा इंची वेल्डमेश (तारा जोडावर वेल्डिंग केलेली जाळी) लावली, पैसे जास्त गेले पण ती दाबून बघितली तरी हलत नाही. तिच्या खालून अजून दीड फुटाची एक पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली, वर दगड-माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीला चिकटून उकरतं, तिथंच त्याला जाळी लागते. तेव्हापासून एकही गेली नाही. जुनी जाळी वर आणि छताला आहे, तिथं ती चांगली चालते.

आतल्या बाजूला जिथं विष्ठा आणि ओला भुसा लागत होता तिथं जस्त जाऊन सहा-सात महिन्यातच तांबूस झाली, वरचा भाग अजून नव्यासारखा आहे. भुसा कोरडा ठेवा आणि जाळीपासून लांब ठेवा. पिल्लं असतील तर १ इंच घेऊच नका, पहिले काही दिवस आरामात बाहेर निघतात, आणि त्याच भोकातून उंदीर, लहान साप आत. चिमण्या पण येऊन दाणे खातात, आधी बरं वाटायचं, पण नवापूरला २००६ आणि २०२१ ला बर्ड फ्लू आला होता ते आठवलं की रानपाखरू आत नको वाटतं. आता छताला पण अर्धा इंची टाकणार आहे.

रोल घ्यायला गेलात तर गेज लिहून घ्या आणि विणल्यानंतर जस्त चढवलेली आहे का विचारा, पिळाच्या जागी ती जास्त टिकते. आमच्याकडे आता १४ कोंबड्या आहेत, परवाच दोन खुडूक बसल्यात.