डोंगल घ्यावं का जीपीजीची की बनवावी?

आधी एक सांगा, फाइलवर सही करायचीये का फाइलला कुलूप लावायचंय (एन्क्रिप्ट करायचीये)? कारण मला फोन येतो तो "डिजिटल सिग्नेचर चालत नाहीये" असाच येतो, आणि दहा मिनिटं डोकं खाल्ल्यावर कळतं की समोरच्याला पगाराची शीट दुसऱ्या कुणी उघडू नये एवढंच हवं होतं. सही आणि कुलूप ही दोन वेगळी कामं आहेत आणि डोंगल (सहीचं यूएसबी टोकन) का जीपीजी (एन्क्रिप्शनचं फुकट सॉफ्टवेअर) ह्याचं उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

दोन्हीकडे किल्ल्यांची म्हणजे कीजची जोडीच असते, एक प्रायव्हेट आणि एक पब्लिक. सही तुमच्या प्रायव्हेट कीने होते आणि कुणीही ती पब्लिक कीने तपासतो. कुलपाचं उलटं, लावायचं समोरच्याच्या पब्लिक कीने, उघडणार फक्त त्याच्या प्रायव्हेट कीने. आता ह्यातली मेख बघा. सहीची की हरवली तर नवी काढायची, जुन्या सह्या तपासायला काही अडत नाही. कुलपाची की हरवली तर फाइल गेली, मग कितीही हुशार माणूस आणा.

आणि डोंगल म्हणजे ते यूएसबी टोकन बनवलंयच असं की आतली की बाहेर काढताच येत नाही, कॉपी नाही, बॅकअप नाही. सहीसाठी हे एकदम बरोबर, कारण तुमच्या सहीची झेरॉक्स कुणाकडे असू नये. पण कुलपासाठी तेच अंगाशी येतं.

हे मी स्वतः शिकलोय. एका ओळखीच्या ऑफिसात टोकनचा पिन चुकीचा टाकून टाकून लॉक झालेला, मी टोकनच्या सॉफ्टवेअरमधे गेलो, इनिशियलाइज असं बटण दिसलं, दाबलं. टोकन चकाचक सुरू झालं, आत काहीच नाही! सहीचं सर्टिफिकेट (ही की अमक्याचीच आहे असा दाखला) परत अर्ज करून मिळालं, पण त्याच टोकनवर एन्क्रिप्शनचंही सर्टिफिकेट होतं आणि आउटलुकमधे त्याच्यावर आलेल्या एन्क्रिप्टेड मेल्स आजही बंदच आहेत. पाठवणाऱ्यांना फोन करून परत मागवाव्या लागल्या, ज्या मिळाल्या त्या मिळाल्या. त्यामुळे लॉक झालेलं टोकन अनलॉक करा, इनिशियलाइज नको, आणि मुदत संपलेलं जुनं टोकनही फेकू नका, त्याने नवीन सही होणार नाही पण जुनी कुलपं उघडतात.

आता कागद कुठे जाणारे ते बघा. कंपनीचं एमसीएला (कंपन्यांचं केंद्रीय खातं) फायलिंग, कंपनीचंच जीएसटी, महाटेंडर्स (राज्य सरकारचं टेंडरचं पोर्टल), इथे डीएससीच (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, डोंगलवर असतं ते) लागते, चर्चा नाही. आयटी कायदा २००० प्रमाणे सीसीएने (ह्या सर्टिफिकेटवाल्यांवरचा सरकारी नियंत्रक) परवाना दिलेल्या संस्थेकडूनच ते सर्टिफिकेट घ्यावं लागतं, १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ बंद झालंय त्यामुळे आता क्लास ३ घ्यायचं, मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. जीपीजी की तुम्ही घरी बसून फुकट बनवता, पण ती तुमचीच आहे हे सांगणारा कुणी परवानाधारक नाही, त्यामुळे सरकारी पोर्टलवर तिची किंमत शून्य. ऑफिसातल्या ऑफिसात किंवा ठरलेल्या चार माणसांत मात्र जीपीजी छान चालते.

डोंगलवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे पीडीएफवरचं पिवळं प्रश्नचिन्ह. ई-आधार डाउनलोड केलंय त्या प्रत्येकाने बघितलंय ते. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही, अ‍ॅडोबी रीडरला सीसीएचं मूळ सर्टिफिकेट ओळखीचं नाही एवढंच. सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, तिथे साखळीत सगळ्यात वरचं सीसीए इंडिया निवडा आणि ट्रस्टमधे जाऊन अ‍ॅड करा. लोक खालचं, त्या माणसाचं सर्टिफिकेट अ‍ॅड करतात आणि मग पुढच्या माणसाच्या सहीला परत प्रश्नचिन्ह, परत फोन.

दुसरं म्हणजे सही केलेली पीडीएफ परत प्रिंट टू पीडीएफ करणं. बाबांनो, असं केलं की सहीचं नुसतं चित्र उरतं, सही गेलेली असते. सगळ्या पानांचं मर्जिंग वगैरे आधी, सही सगळ्यात शेवटी.

आणि एकदा तर दुपार गेली, ड्रायव्हर बघितला, टोकन दुसऱ्या पोर्टला लावलं, सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं काहीतरी म्हणत होतं. शेवटी खाली कोपऱ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं तर कॉम्प्युटर २०१२ मधे! मदरबोर्डवरचा तो गोल सीआर२०३२ सेल मेलेला.

जीपीजीच्या तक्रारी वेगळ्या. लिब्रेऑफिसमधे (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) ६.० पासून सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत एन्क्रिप्ट विथ जीपीजी की अशी टिक असते, पण ती ओडीटी, ओडीएस अशा त्याच्या स्वतःच्या फाइल्सनाच चालते, वर्डच्या डॉकएक्सला नाही. तुमचं सगळं ऑफिस वर्डवर असेल तर इथेच विषय संपला, वर्डमधे सरळ पासवर्डने एन्क्रिप्ट करा. विंडोजवर जीपीजी४विन टाकावं लागतं, त्यातल्या क्लिओपात्रामधे की बनवायची. समोरच्याची पब्लिक की इम्पोर्ट करून सर्टिफाय केली नसेल तर एन्क्रिप्ट करताना बऱ्याचदा अडतं, आणि एरर वाचून काहीच कळत नाही. सगळ्यात मजेशीर म्हणजे फाइल फक्त समोरच्याच्या कीने बंद केली तर ती तुम्हालाही उघडत नाही! लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समधे यूजर डेटाच्या पानावर ऑल्वेज एन्क्रिप्ट टू सेल्फ आहे, ती टिक पहिल्या दिवशीच मारा. की एक्स्पायर झाली तर घाबरायचं काम नाही, मुदत स्वतःच वाढवता येते, फक्त नवी पब्लिक की सगळ्यांना परत पाठवायची.

डोंगल लिब्रेऑफिसमधेही चालतं बरं का. विंडोजवर लिब्रेऑफिस सर्टिफिकेट विंडोजच्याच सर्टिफिकेट स्टोअरमधे बघतं, पण लिनक्सवर फायरफॉक्स किंवा थंडरबर्डच्या प्रोफाइलमधे (त्यांच्या सेटिंग्जचा फोल्डर), आणि उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधे (उबुंटूचं वेगळं पॅकेज) गेल्यामुळे त्याचं प्रोफाइल भलत्याच फोल्डरमधे असतं, मग यादी रिकामी दिसते. ऑप्शन्स, सिक्युरिटी, सर्टिफिकेट पाथ मधे बरोबर प्रोफाइल दाखवा आणि प्रोग्राम बंद करून चालू करा.

आधार ई-साइनचंही विचारतात. ओटीपी टाकला की सही, त्यासाठी बनलेलं सर्टिफिकेट ३० मिनिटांचं असतं आणि की तिथेच नष्ट होते, म्हणजे सांभाळायची भानगडच नाही. वर्षाला दोनचार करारांवर सही करणाऱ्याने डोंगलच्या नादी लागूच नये. कुलूप मात्र त्याने लागत नाही.

मी असतो तर सहीला डोंगल आणि कुलपाला जीपीजी, दोन्ही ठेवले असते, आणि डोंगलवरच्या एन्क्रिप्शन सर्टिफिकेटला पोर्टलने मागितल्याशिवाय हात लावला नसता. जीपीजीच्या सीक्रेट (म्हणजे प्रायव्हेट) कीचा बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घ्या, एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी. आणि बॅकअप घेतल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करून एखादी बंद फाइल उघडून बघा, कारण बरेच जण एक्स्पोर्ट करताना नुसती पब्लिक कीच घेतात आणि ते कळतं हार्डडिस्क गेल्यावर.