एमपीथ्रीटॅग: गाण्यांची नोंद गाण्यातच

कॅसेटवरून उतरवलेली, सीडीतून काढलेली आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली गाणी एका फोल्डरात आली की ‘ट्रॅक ०१’ नावाच्या डझनभर फायली निघतातच. हा पसारा आवरायला विंडोजवर एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर घ्यावं. विंडोजवर ते फुकट आहे, मॅकवर विकत घ्यावं लागतं. ते स्वतःची वेगळी यादी ठेवत नाही. गायक, संगीतकार, वर्ष जे भराल ते थेट गाण्याच्या फायलीत लिहितं; या नोंदीलाच ‘टॅग’ म्हणतात. कॉम्प्युटर बदला नाहीतर प्लेअर बदला, नोंद गाण्याबरोबर जाते.

मराठी संग्रहाला खरा उपयोग होतो तो ‘कन्व्हर्ट’ मेन्यूतल्या ‘टेक्स्ट फाइल – टॅग’चा. जुन्या नाट्यगीतांची किंवा भावगीतांची माहिती डिस्कॉग्ज, म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या ऑनलाइन सूचींवर बऱ्याचदा अर्धवट असते, कधी नसतेच. मग कव्हरवरची नावं नोटपॅडमध्ये एका ओळीत एक अशी टाइप करायची, यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट टिकवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह करायची आणि एका झटक्यात सगळ्या गाण्यांना लावायची. मात्र खिडकीतला फायलींचा क्रम आणि ओळींचा क्रम तोच हवा. ‘१०’ हे ‘२’च्या आधी बसलं असेल तर सगळी नावं घसरतात. आधी क्रम बघा, प्रिव्ह्यू बघा, मगच ओके. चुकलंच तर लगेच कंट्रोल+झेड. संग्रहाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली बरी.

देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष बहुतेक वेळा आयडी३व्ही१ या जुन्या टॅगचा असतो. त्यात शीर्षकाला जेमतेम ३० अक्षरांची जागा, आणि युनिकोडला, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींना, मुळीच नाही. ऑप्शन्समध्ये टॅग्ज, मग एमपीईजी इथे जाऊन ‘राइट’खाली आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६ ठेवा आणि व्ही१ची खूण काढा. व्ही२.४ नवं असलं तरी कारमधले कितीतरी डेक ते वाचत नाहीत. आधीचा व्ही१ पुसायला ‘रिमूव्ह’खाली फक्त व्ही१वर खूण ठेवून ‘रिमूव्ह टॅग’ द्या. तिथे व्ही२चीही खूण राहिली तर सगळी मेहनत पुसली जाईल.

शास्त्रीय संगीतासाठी ‘कस्टमाइझ कॉलम्स’मधून रागाचा आणि तालाचा वेगळा कॉलम करता येतो. छान सोय आहे, पण फोनवरचे बहुतेक प्लेअर असली स्वतः केलेली फील्ड दाखवत नाहीत. म्हणून ‘यमन – बडा ख्याल’ असं शीर्षकातही लिहावं. नावाचं एकच रूप ठरवून टाका. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि शेवटी एक मोकळी जागा सुटलेलं ‘भीमसेन जोशी ’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक होऊ शकतात. निवडक गाण्यांच्या अल्बमात ‘अल्बम आर्टिस्ट’ सगळीकडे सारखा भरा, नाहीतर एका अल्बमाचे बारा अल्बम होतात.

कव्हर ५०० बाय ५०० पिक्सेलचं जेपेग पुरे. ३ एमबीचं स्कॅन १२ गाण्यांत चिकटवलं तर ३६ एमबी नुसतं चित्रांनीच खाल्ले.

एक गोष्ट मात्र याला जमत नाही: नाव-गाव नसलेलं गाणं नुसत्या आवाजावरून ओळखणं. त्यासाठी पिकार्ड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट आहे. पण पिकार्ड आधी चालवा आणि एमपीथ्रीटॅग नंतर. उलटं केलंत तर हातानं भरलेल्या देवनागरी नावांवर पिकार्डनं आणलेली रोमन नावं चढू शकतात.